ग्रँबलिंगचे रॉबिन्सन सर

या वेळी मी फुटबॉलवर लिहिणार आहे असं घरी जाहीर केलं, तेव्हा आधी हशा पिकला. नातू म्हणाला, "आजी, तू आयुष्यात एक तरी मॅच पूर्ण बघितली आहेस का?" नाही बघितली. पण मला ज्या फुटबॉलबद्दल लिहायचंय तो आपला फुटबॉल नव्हेच, अमेरिकन फुटबॉल. त्यातलं नातवालाही काही कळत नाही. तेव्हा फिट्टंफाट!

सुरुवात अशी झाली. २०१२ च्या पावसाळ्यात, म्हणजे आपल्याकडचा पावसाळा सुरू असताना, मी भाच्याकडे अमेरिकेला गेले होते. तो तेव्हा लुइझियाना राज्यात रस्टन नावाच्या गावी राहत होता. अमेरिका म्हटल्यावर आपल्या डोळ्यांपुढे जे येतं त्यातलं तिथे काहीच नाही. लाल माती, पाइनची झाडं, पीचच्या बागा आणि दमट उकाडा. चार दिवसांत मी कंटाळले. भाचा म्हणाला, "मावशी, तू इतिहासाची बाई ना? चल, शेजारच्या गावी एका मास्तराचं म्युझियम आहे."

शेजारचं गाव म्हणजे ग्रँबलिंग. वस्ती चार-पाच हजारांची. तिथे कॉलेजच्या आवारात, मुलींच्या जुन्या व्यायामशाळेत हे संग्रहालय आहे. २०१० साली, १३ फेब्रुवारीला, ज्यांच्या नावाचं आहे त्यांच्या वाढदिवशी ते उघडलं. त्यांचं नाव एडी रॉबिन्सन. फुटबॉलचे प्रशिक्षक. एका कॉलेजात १९४१ मध्ये लागले आणि १९९७ मध्ये त्याच कॉलेजातून निवृत्त झाले. मधे अमेरिकेचे अकरा अध्यक्ष झाले, रूझवेल्टपासून क्लिंटनपर्यंत. यांची नोकरी एकच, गाव एकच, आणि हो, बायकोही एकच!

परत आल्यावर त्यांच्याबद्दल जे मिळेल ते वाचत गेले. भाच्याने पुस्तकं पाठवली, इंटरनेटवर तर ढिगाने आहे. माझं इंग्रजी बेताचं, मराठी माध्यमातून बी. ए. झालेलं. पण मास्तराची गोष्ट मास्तरणीला कळायला भाषा फारशी आड येत नाही.

आधी खेळाबद्दल दोन शब्द, नाहीतर पुढचं कळणार नाही. मैदान शंभर यार्डांचं, चेंडू लांबट, दोन्हीकडे अकरा-अकरा गडी. चेंडू हातात घेऊन पळायचं किंवा फेकायचा. चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढे सरकलं तर आणखी चार प्रयत्न मिळतात, नाहीतर चेंडू दुसऱ्यांना. थोडक्यात कबड्डी आणि कुस्ती एकत्र करून त्यात चेंडू टाकला, असं मला वाटलं. संघात सगळ्यांत महत्त्वाचा गडी क्वार्टरबॅक. डाव सुरू झाला की चेंडू त्याच्या हाती येतो, कुणाकडे फेकायचा ते तो क्षणात ठरवतो. संघाचं डोकंच तो. हे लक्षात ठेवा, पुढे याच जागेवरून मोठं रामायण आहे.

आणखी एक. तिकडे कॉलेजचा फुटबॉल म्हणजे आपल्या आंतरमहाविद्यालयीन स्पर्धा नव्हेत. मोठ्या विद्यापीठांच्या सामन्याला लाखभर माणसं येतात, आणि व्यावसायिक संघ दरवर्षी कॉलेजांतूनच पोरं निवडतात. कुलगुरूंपेक्षा प्रशिक्षकाचा पगार जास्त असला तर तिकडे कुणाला नवल वाटत नाही.

रॉबिन्सन सरांचा पहिला पगार होता महिन्याला ६३ डॉलर ७५ सेंट.

त्यांचा जन्म १९१९ चा, लुइझियानातल्याच जॅक्सन गावी. हे साल वाचताना मी थबकले, कारण त्याच वर्षी कर्मवीर भाऊराव पाटलांनी काले गावी रयत शिक्षण संस्था काढली, आणि मी रयतची विद्यार्थिनी. असो. एडीचे वडील दुसऱ्याच्या जमिनीत वाट्याने कापूस पिकवणारे, आई लोकांच्या घरी कामाला. पुढे कुटुंब बॅटन रूज या राजधानीच्या शहरात आलं. एडी तिसरीत असताना तिथल्या हायस्कूलचे फुटबॉल प्रशिक्षक आपल्या खेळाडूंना घेऊन शाळेत आले होते. त्यांचे कपडे, त्यांचं बोलणं, पोरं ज्या आदराने त्यांच्याकडे बघत होती ते बघून या मुलाने ठरवलं, आपण कोच व्हायचं. तिसरीतल्या पोराचं ठरवणं आपण किती मनावर घेतो? मी तरी कधी घेतलं नाही.

शहरात राज्याचं मोठं विद्यापीठ होतं, पण ते गोऱ्यांचं. एडी शिकले ते लेलँड नावाच्या लहानशा कॉलेजात. १९४१ मध्ये पदवी मिळाली, त्याच जूनमध्ये डोरिसशी लग्न केलं, आणि पदवीधर एडी पशुखाद्याच्या गिरणीत तासाला २५ सेंटवर कामाला लागले. कृष्णवर्णीय कोचला नोकरी देणारी कॉलेजं होतीच किती? त्या उन्हाळ्यात ग्रँबलिंगची जागा निघाली.

त्या संस्थेचं तेव्हाचं नाव 'लुइझियाना निग्रो नॉर्मल अँड इंडस्ट्रियल इन्स्टिट्यूट'. (निग्रो हा शब्द आज कुणी वापरत नाही, पण नाव तसं होतं.) विसाव्या शतकाच्या सुरुवातीला, १९०१ साली, तिथल्या काळ्या शेतकऱ्यांच्या एका संघटनेने ही शाळा काढायला घेतली. त्यांनी बुकर टी. वॉशिंग्टनकडे माणूस मागितला, आणि त्यांनी टस्कीगीहून चार्ल्स अ‍ॅडम्स यांना पाठवलं. शेतकऱ्यांनी आपल्या पोरांसाठी काढलेली शाळा! रयतच्या विद्यार्थिनीला हे वाचून काय वाटलं असेल ते सांगायला नको. आपल्याकडे जोतीराव फुल्यांनी १८७३ मध्ये 'गुलामगिरी' लिहिलं, तेव्हा ते अमेरिकेतल्या गुलामांची मुक्तता करणाऱ्या लोकांना अर्पण केलं. मी दरवर्षी हे वर्गात सांगत असे. पण मुक्त झालेल्यांच्या पोरांनी पुढे शाळा कुठे आणि कशी काढली, हे मला कधी कुणी विचारलं नाही, आणि मलाही ते ठाऊक नव्हतं.

संस्थेचे अध्यक्ष राल्फ वॉल्डो इमर्सन जोन्स स्वतःच बेसबॉलच्या संघाचे प्रशिक्षक. त्यांनी या २२ वर्षांच्या पोराला घेतलं. म्हणायला फुटबॉल प्रशिक्षक, पण कामं ऐका. मैदानातलं गवत कापणं, चुन्याच्या रेघा मारणं, खेळाडूंचे घोटे पट्ट्यांनी बांधणं, बस चालवणं, मध्यंतरात कवायत करणाऱ्या मुलींना शिकवणं, आणि सामना संपल्यावर त्याची बातमी लिहून वर्तमानपत्राला पाठवणं. शिवाय बास्केटबॉलचा संघ. छोट्या गावच्या शाळेत नोकरी केलेल्यांना हे वाचून हसू येईल. आम्ही जनगणनेपासून गॅदरिंगच्या पडद्यापर्यंत सगळं केलेलं आहे.

पहिल्या हंगामात तीन सामने जिंकले, पाच हरले. दुसऱ्या वर्षी, १९४२ मध्ये, नऊच्या नऊ जिंकले, आणि त्या नऊ सामन्यांत समोरच्या कुणाला एक गुणही करता आला नाही. मग महायुद्धामुळे दोन वर्षं कॉलेजचा संघ बंद. त्या काळात ते गावच्या हायस्कूलच्या पोरांना शिकवत. तिथली एक गोष्ट मला फार आवडते. ऐन अंतिम टप्प्यात संघातल्या पोरांच्या वडिलांनी त्यांना खेळायला सोडायचं नाकारलं, कारण कापूस वेचणीला आला होता. रॉबिन्सन सरांनी त्या बापाशी वाद घातला नाही. सगळा संघ शेतावर नेला, कापूस वेचून दिला, आणि पोरं घेऊन सामन्याला गेले. सुगीच्या दिवसांत पटावर हजेरी कशी टिकवायची हा प्रश्न ज्यांनी सोसलाय, त्यांना यातलं सगळं कळेल. मी बापांना समजवायला गेले आहे बऱ्याचदा. वेचायला मात्र कधी बसले नाही.

दक्षिणेत तेव्हा सगळं वेगळं होतं. काळ्यांची शाळा वेगळी, डबा वेगळा, पाणी पिण्याचा नळ वेगळा. आपल्या पाणवठ्यांची आठवण झाल्याशिवाय राहत नाही. संघ बाहेरगावी निघाला की वाटेत कुठल्या खाणावळीत जेवण मिळणार नाही, लॉजमध्ये खोली मिळणार नाही. म्हणून सँडविच बांधून बसमध्ये ठेवायचे, शेकडो मैल जायचं, खेळायचं आणि परत फिरायचं. आणि अशा प्रवासातही पोरांनी कोट-टाय घालूनच जायचं, हा त्यांचा नियम. जेवताना काटा-चमचा कसा धरायचा हेसुद्धा ते शिकवत. ज्या हॉटेलात आत घेत नाहीत, तिथे आत गेल्यावर कसं वागायचं याची ही तालीम. कुणाला हा लाचारपणा वाटेल. मला आधी थोडा वाटला. मग आठवलं, आमच्या वडिलांनी मला पहिल्यांदा शहरातल्या कॉलेजात सोडलं तेव्हा स्वतःचं धोतर दोनदा धुतलं होतं.

सकाळी सहाच्या सुमाराला ते मुलांच्या वसतिगृहात गाईच्या गळ्यातली घंटा वाजवत फिरत. उठा, न्याहारीला चला, तासाला जा. नुसते फुटबॉलपुरते हजर राहणारे त्यांना चालत नसत. पुढे देशभर नाव झाल्यावरही घंटा चालूच. त्यांच्या हाताखालची बरीचशी पोरं पदवी घेऊन बाहेर पडली, याचा त्यांना सामन्यांपेक्षा जास्त अभिमान होता. स्वतःही उन्हाळ्याच्या सुट्ट्यांत उत्तरेतल्या आयोवा विद्यापीठात जाऊन १९५४ मध्ये एम. ए. झाले.

आता व्यावसायिक फुटबॉलकडे येऊ. १९४६ पासून तिथे काळे खेळाडू पुन्हा घेऊ लागले होते, पण ते बहुतेक मिश्र विद्यापीठांत शिकलेले. काळ्यांच्या कॉलेजातून जवळजवळ कुणालाच घेतलं नव्हतं. तिथल्या पोरांना खरा खेळ येतच नाही, असा समज. १९४९ मध्ये लॉस एंजेलिस रॅम्स या संघाने ग्रँबलिंगच्या पॉल यंगरला घेतलं. अंगापिंडाने असा की सगळे त्याला 'टँक' म्हणत. निघताना सरांनी त्याला बजावलं की तू नापास झालास तर आमच्यासारख्या कॉलेजांकडे पुन्हा बरीच वर्षं कुणी बघणार नाही. बिचाऱ्या विशी-बाविशीतल्या पोराच्या डोक्यावर केवढं हे ओझं! टँक पास झाला. मग रांगच लागली. विली डेव्हिस, विली ब्राउन, चार्ली जॉयनर... बक ब्यूकॅनन तर १९६३ मध्ये त्या वेळच्या एका व्यावसायिक लीगच्या निवडीत सगळ्यांत पहिला निवडला गेला. या खेळात सरांचे दोनशेहून जास्त विद्यार्थी व्यावसायिक संघांपर्यंत पोचले. एका चिमुकल्या गावातून!

पण एक जागा बंदच होती. क्वार्टरबॅक. ती डोक्याची जागा. काळा मुलगा पळेल, अडवेल, आपटेल, पण विचार करून संघ चालवेल हे कुणाला पटतच नव्हतं. कॉलेजात क्वार्टरबॅक असलेल्यालाही व्यावसायिक संघात नेल्यावर दुसऱ्या जागेवर टाकत. हॉवर्ड कोसेल नावाच्या प्रसिद्ध टीव्ही वार्ताहराने सरांना विचारलं, तुम्ही एवढे खेळाडू दिलेत, क्वार्टरबॅक कधी देणार? हा प्रश्न त्यांना लागला. जेम्स हॅरिस नावाचा उंच मुलगा जवळच्याच मन्रो गावातून आला, तेव्हा त्यांनी पहिल्या दिवसापासून त्याला त्या एकाच जागेसाठी घडवला. जागा बदलायला सांगितलं तर नाही म्हणायचं. आणि जमलं नाही तर मी काळा आहे म्हणून जमलं नाही असं सांगत माझ्याकडे परत यायचं नाही. कडक बोलणं आहे. मला ते अजूनही पूर्ण पटत नाही. कारण तो काळा आहे म्हणून अडणारच होतं, हे दोघांनाही ठाऊक होतं.

१९६९ च्या निवडीत हॅरिसचं नाव आठव्या फेरीत आलं. तरी त्याच वर्षी बफेलोच्या संघाकडून त्याने हंगामाचा पहिलाच सामना क्वार्टरबॅक म्हणून सुरू केला. नंतर नोकरी जाणं, पुन्हा मिळणं, सगळं झालं. १९७४ मध्ये रॅम्सला घेऊन तो बाद फेरीचा सामना जिंकला. त्याच्या मागून ग्रँबलिंगहून डग विल्यम्स आला, १९७८ मध्ये पहिल्याच फेरीत निवडला गेला. आणि ३१ जानेवारी १९८८ ला सुपर बोल, म्हणजे तिकडचा वर्ल्ड कप फायनलच म्हणा. विल्यम्सचा वॉशिंग्टन संघ आधी ०-१० असा मागे, त्यात त्याचा गुडघा मुरगळलेला. तो उठला, आणि दुसऱ्या सत्रात एकामागून एक चार टचडाउनचे चेंडू फेकले. निकाल ४२-१०. सर्वोत्तम खेळाडू तोच. मी हा सामना यूट्यूबवर बघितला. नियम निम्मे कळले नाहीत, तरी दुसरं सत्र दोनदा बघितलं.

इथे थांबून एक वेगळी गोष्ट सांगते, ती मला या सगळ्या कथेत सर्वांत जास्त लागलेली आहे.

१९६० च्या दशकात कायदे बदलले. १९६४ च्या नागरी हक्क कायद्याने हॉटेलं, खाणावळी उघडल्या. हळूहळू दक्षिणेतल्या गोऱ्या विद्यापीठांचे फुटबॉल संघही उघडले. याची एक लोकप्रिय दंतकथा आहे. १९७० मध्ये अलाबामाच्या गोऱ्या संघाला कॅलिफोर्नियाच्या मिश्र संघाने बर्मिंगहॅममध्ये ४२-२१ असं धुतलं, सॅम कनिंगहॅम नावाच्या काळ्या खेळाडूने त्यांना पळता भुई थोडी केली, आणि त्या संध्याकाळी दक्षिणेचे डोळे उघडले. इतिहासाची शिक्षिका म्हणून सांगते, इतक्या सुबक गोष्टींवर विश्वास ठेवू नका. अलाबामाने पहिला काळा खेळाडू त्याआधीच घेऊन ठेवला होता. पण दशकभरात चित्र पालटलं हे खरं.

आणि पालटलं म्हणजे काय झालं? जी उत्तम मुलं आधी ग्रँबलिंगशिवाय दुसरीकडे जाऊच शकत नव्हती, त्यांच्या दारात आता अलाबामाचा, लुइझियाना स्टेटचा माणूस येऊन उभा राहायला लागला. त्यांच्याकडे मोठी स्टेडियमं, मोठे पैसे, टीव्ही. मुलं गेली. का जाऊ नयेत? याच दिवसासाठी तर सरांनी तीस वर्षं पोरांना कोट-टाय घालायला लावला होता. दार उघडलं, आणि त्या दारातून त्यांचाच वर्ग बाहेर पडला.

जिंकणं लगेच थांबलं नाही. १९६० ते १९८६ असे सलग सत्तावीस हंगाम त्यांनी हरण्यापेक्षा जास्त सामने जिंकले. पण खेळायचं ते बहुतेक आपल्यासारख्याच काळ्यांच्या कॉलेजांशी, आणि त्या सगळ्यांचीच विहीर आटत चाललेली.

मी ज्या मराठी शाळेत चौतीस वर्षं शिकवलं, तिथे मी लागले तेव्हा एकेका वर्गात साठ पोरं दाटीवाटीने बसत. मग तालुक्याच्या गावी इंग्रजी शाळा निघाल्या, पिवळी बस गावात येऊ लागली. आधी शिक्षकांची पोरं गेली, मग सोसायटीच्या सेक्रेटरीची, मग ज्यांना जमेल त्या सगळ्यांची. हुशार आधी. २००९ मध्ये मी निवृत्त झाले तेव्हा माझ्या शेवटच्या वर्गात एकोणीस मुलं होती. सगळ्यांना दोष द्यायला मी मोकळी आहे, फक्त माझी स्वतःची नातवंडं इंग्रजी माध्यमात आहेत. मुलगा म्हणाला, "आई, तूच सांग, कुठे घालू?" आणि मी सांगितलं. त्या रात्री मला झोप लागली नाही, एवढंच.

आमची तुलना फार ताणू नये हे मला कळतं. त्यांच्या पोरांसाठी उघडलेलं दार न्यायाचं होतं, आमचं नुसतं बाजाराचं. पण रिकाम्या होत जाणाऱ्या वर्गासमोर उभं राहून, गेलेल्यांचं भलं होवो असं मनापासून म्हणणं काय असतं, ते मला ठाऊक आहे. सर या गोष्टीची तक्रार करताना मला कुठे आढळले नाहीत. उलट अमेरिकेबद्दल इतकं प्रेमाने बोलत की तरुण चळवळ्यांना ते आवडत नसे. ग्रँबलिंगमध्येही १९६७ मध्ये विद्यार्थ्यांनी वर्गांवर बहिष्कार टाकला होता. त्यांचं म्हणणं, इथे शिक्षणापेक्षा खेळाचाच उदोउदो फार चाललाय. मला त्या विद्यार्थ्यांचंही चुकलं असं म्हणवत नाही. ज्या कॉलेजचं नाव लोक फुटबॉलमुळे ओळखतात, तिथे रसायनशास्त्र शिकणाऱ्या पोराने काय करायचं?

आता आकड्यांचं. ५ ऑक्टोबर १९८५ ला डॅलसमध्ये प्रेअरी व्ह्यूला २७-७ हरवून सरांनी ३२४ वा सामना जिंकला, आणि अलाबामाच्या बेअर ब्रायंट यांचा ३२३ चा विक्रम मोडला. ब्रायंट म्हणजे दक्षिणेचं दैवत. लगेच कुरकुर झाली की यांचे प्रतिस्पर्धी लहान, यांचे विजय ते खरे विजय नव्हेत. गंमत बघा, चाळीस वर्षं ज्यांनी मोठ्या संघांशी खेळूच दिलं नाही, त्यांनीच म्हणायचं की तुम्ही मोठ्यांशी खेळला नाहीत! ७ ऑक्टोबर १९९५ ला चारशेवा विजय झाला. तोवर इतके सामने कुणीच जिंकले नव्हते.

आणि तिथेच त्यांनी थांबायला हवं होतं, असं मला वाटतं. आपल्याकडे सरकार अठ्ठावन्नला हातात नारळ देतं. तेव्हा फार राग येतो, पण त्यात एक दयाही असते. थांबायचं कधी ते आपल्याला ठरवावं लागत नाही. रॉबिन्सन सर तेव्हा शहात्तर वर्षांचे होते. शेवटचे तिन्ही हंगाम हरण्याचे गेले. राष्ट्रीय संघटनेकडून नियमभंगांची चौकशीही लागली. १९९६ च्या अखेरीस विद्यापीठाने त्यांना जायला सांगायचं ठरवलं. त्यावर एवढा गहजब झाला की राज्याच्या गव्हर्नरांनाही मधे बोलावं लागलं, आणि आणखी एक वर्ष मिळालं. ते वर्षही अकरापैकी आठ सामने हरण्यात गेलं. २९ नोव्हेंबर १९९७ ला न्यू ऑर्लिन्सच्या सुपरडोममध्ये सदर्न विद्यापीठाविरुद्ध शेवटचा सामना, ७-३० असा हरले. एकूण ४०८ विजय, १६५ पराभव, १५ बरोबरी. त्यांच्या जागी कोण आलं? डग विल्यम्स. तोच, सुपर बोलवाला.

पुढे या ४०८ चं काय झालं ते ऐका. २००३ मध्ये मिनेसोटातल्या एका छोट्या कॉलेजचे जॉन गॅग्लियार्डी त्यांच्या पुढे गेले, पण ते तिसऱ्या गटातले. पहिल्या गटात पेन स्टेटचे जो पॅटर्नो २९ ऑक्टोबर २०११ ला ४०९ वर पोचले. आठवडाभरात त्यांच्या जुन्या सहायकाने वर्षानुवर्षं मुलांवर केलेल्या अत्याचारांचं प्रकरण बाहेर आलं, आणि पॅटर्नोंना काढलं. २०१२ च्या जुलैमध्ये त्यांचे १११ विजय कागदावरून पुसले. म्हणजे मी त्या व्यायामशाळेत उभी होते तेव्हा रॉबिन्सन सर पुन्हा पहिल्या नंबरवर होते. २०१५ मध्ये तडजोड होऊन पॅटर्नोंचे विजय परत दिले, सर पुन्हा एका विजयाने मागे. त्यांना याचा पत्ताही नव्हता. ते २००७ मध्येच गेले होते.

आणि त्याच्याही आधी आकडे त्यांच्या मनातून गेले होते. निवृत्तीनंतर थोड्याच काळात त्यांना अल्झायमर झाल्याचं कळलं. ज्यांना पन्नास वर्षांतल्या पोरांची नावं, त्यांच्या आयांची नावं ठाऊक, त्या माणसाचं एकेक पान गळत गेलं. डोरिसबाई सोबत होत्या. ३ एप्रिल २००७ ला, अठ्ठ्याऐंशीव्या वर्षी, रस्टनमध्ये त्यांचं निधन झालं. लग्नाला पासष्ट वर्षं होऊन गेली होती.

त्यांचा देह बॅटन रूजला नेऊन राज्याच्या विधानभवनात अंत्यदर्शनासाठी ठेवला. ज्या शहरातलं विद्यापीठ त्यांना प्रवेश देत नव्हतं आणि जिथे ते तासाला पंचवीस सेंटवर गिरणीत खपले, त्याच शहरात. मग परत ग्रँबलिंगला आणून तिथेच दफन केलं.

मी येऊन गेल्यावर वर्षाने भाच्याने बातमी पाठवली. २०१३ च्या ऑक्टोबरमध्ये ग्रँबलिंगच्या खेळाडूंनी सामन्याला जायला नकार दिला होता. राज्याने पैसे कापलेले, व्यायामाच्या खोलीत बुरशी, आणि सामन्यांसाठी शेकडो मैल बसने धक्के खात जायचं. विल्यम्सना थोडे दिवस आधीच पदावरून काढलं होतं. १९ तारखेचा जॅक्सन स्टेटबरोबरचा सामना झालाच नाही. सरांच्या काळातली पोरं खाणावळीत शिरू शकत नसतानाही त्या बसमध्ये चढत होती, आता सगळीकडे शिरता येत असताना ही पोरं चढायला तयार नव्हती. यातलं कोण बरोबर, यावर भाच्याची आणि माझी फोनवर अर्धा तास वादावादी झाली. तो पोरांच्या बाजूने होता. मी सुरुवातीला नव्हते.

त्या दिवशी संग्रहालयातून निघाल्यावर त्यांची कबर बघायला जायचं ठरलं होतं. भाचा म्हणाला, जवळच आहे. पण आभाळ भरून आलं, तिकडचा पाऊस कोसळायला लागला की समोरचं दिसत नाही. त्यात त्याच्या धाकटीला पाळणाघरातून आणायची वेळ झाली. राहून गेलं.